भावी काळाचा वेष आणि महाडचें लुगडें

वस्त्राचा पहिला उपयोग लज्जारक्षण आणि दुसरा थंडीवाऱ्याचें निवारण, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु मनुष्य समाज करून राहूं लागला तेव्हां वस्त्रास एक तिसरा उपयोग चिकटला, व तो हळूहळू पहिल्या दोहोंहूनही बलवान् होऊन बसला. हा उपयोग म्हणजे ओळख. समोरून येणारा मनुष्य कोण, त्याच्याशीं 'अहो' म्हणून बोलावयाचें कीं 'अरे' म्हणून, त्यास ओटीवर बसवावयाचें कीं अंगणांत उभें करावयाचें, हें त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याच्या डोक्यावरील पागोटें व कमरेचें धोतर सांगून टाकतें. शिपायाचा डगला आणि वकिलाचा झगा हे तर उघड उघड ह्याच कामासाठीं शिवलेले असतात. पण ज्यास आपण साधा कपडा म्हणतों तोही बहुधा एक प्रकारचा गणवेषच असतो. तो कोणीं व कां ठरवून दिला, एवढें मात्र आपण विसरून गेलेले असतों.

ही गोष्ट विसरून ज्यांस चालत नाहीं असा एक वर्ग आहे. जो काळ कोणीं पाहिला नाहीं त्या काळांतील माणसांस चित्रपटासाठीं कपडे चढविण्याचें काम ज्यांच्याकडे येतें, तो हा वर्ग. गतकाळ रंगवावयाचा असेल तर त्यांस जुनीं चित्रें, शिल्पें व बखरी यांचा आधार तरी मिळतो. पण विज्ञानकथेंतील भावी काळ रंगवावयाचा असेल तर कसलाच आधार नसतो. कातरीस हात घालण्यापूर्वीं त्यांस एका प्रश्नाचें उत्तर द्यावेंच लागतें: त्या भावी समाजांत हुकूम कोण देतो आणि तो पाळतो कोण? हें ठरल्यावांचून एकाही पात्राचा सदरा बेततां येत नाहीं. हाच प्रश्न पडद्यावर नव्हे तर प्रत्यक्ष व्यवहारांत, आणि तोही नऊवारी लुगड्याच्या नेसणींत, ज्या गांवीं विचारला गेला तें गांव महाड. पडद्यावरील भविष्यकाळापासून निघून त्या गांवापर्यंत वाचकांस घेऊन जावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पहिलें उदाहरण इ. स. १९०२ मधील आहे. झॉर्झ मेलिएस ह्या फ्रेंच जादूगारानें त्या वर्षीं चंद्रावरील सफरीचा एक लहानसा मूकपट काढला. त्यांतील ज्योतिषी आरंभीं सभेंत बसतात ते पायघोळ झगे व टोकदार उंच टोप्या घालून, जणूं मध्ययुगांतील मांत्रिकच. पुढें चंद्रावर निघावयाची वेळ आली म्हणजे ते झगे उतरवून लांब कोट चढवितात आणि छत्री बरोबर घेतात. चंद्रावर श्वास घेण्यास हवा आहे कीं नाहीं ह्याची त्यांस फिकीर नाहीं. सभ्य गृहस्थानें प्रवासास कोणत्या वेषानें निघावें, ह्याची मात्र आहे. ह्यास आपण आज हंसतों. पण मेलिएसनें नकळत एक सत्य सांगून ठेवलें आहे. मनुष्य कितीही दूरच्या काळाची वा लोकाची कल्पना करो, आपल्या गल्लींतील शिष्टाचार तो गांठोडें बांधून बरोबर नेतोच.

दुसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. ता. १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिन येथें फ्रिट्झ लांग ह्यांचा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट प्रथम दाखविण्यांत आला. त्यांतील भावी नगर दोन थरांचें आहे. वरच्या थरांत धनिकांचे पुत्र पांढऱ्याशुभ्र पोशाखांत बागेंत व क्रीडांगणांत वेळ घालवितात. जमिनीच्या पोटांत मजूर राहतात. मजुरांचा पोशाख एकच: काळपट जाडाभरडा डगला व तशीच टोपी. पाळी बदलते तेव्हां ते माना खालीं घालून एका चालीनें रांगेंत निघतात, आणि कोणता मजूर कोण हें ओळखण्याचें प्रेक्षकांस कारणच उरत नाहीं. ही वेषभूषा एन्ने विल्कोम ह्या बाईंची. कथेचा नायक फ्रेडर हा नगराच्या धन्याचा मुलगा. तो खालीं उतरतो, यंत्रापाशीं गळून गेलेल्या ११८११ क्रमांकाच्या मजुरास बाजूस सारून स्वतः त्याच्या जागीं उभा राहतो, आणि दोघे आपसांत कपड्यांची अदलाबदल करतात. त्या क्षणापासून धन्याचा मुलगा मजूर ठरतो आणि मजूर मोटारींत बसून वरच्या नगरांत जातो. दोघांचीं शरीरें तींच, बुद्धि तीच. बदललें तें कापड. असा जळजळीत प्रसंग रचूनही चित्रपट शेवटीं तडजोडीवर येतो. डोकें व हात ह्यांच्यामध्यें हृदयानें मध्यस्थी करावी, असा उपदेश होतो. मजूर मात्र आपल्या काळ्या डगल्यांतच रांगेनें उभे असतात. वाचकांनीं १९२७ हें साल ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचें काम पडणार आहे.

तिसरें उदाहरण दूरचित्रवाणीचें. अमेरिकेंत सप्टेंबर १९६६ पासून 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकांतील एका तारायानावरील लोकांच्या ह्या गोष्टी. विल्यम वेअर थीस ह्यांनीं त्यांचा गणवेष ठरविला. हुकूम देणाऱ्यांस सोनेरी सदरा, वैद्य व शास्त्रज्ञ ह्यांस निळा, यंत्रें व पहारा सांभाळणाऱ्यांस तांबडा. आणि हुद्दा ओळखण्यासाठीं बाहीवर फीत. पहिले सदरे मखमलीसारख्या लवदार कापडाचे होते व ते धुतले कीं आटत. भविष्यकाळासही परटाची पीडा चुकली नाहीं! ह्या यानावर दळणवळणाचें काम पाहणारी उहुरा नामक एक अधिकारी होती. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स ह्या कृष्णवर्णीय बाई. ज्या देशांत हॉटेलांत व नाट्यगृहांत कृष्णवर्णीयांस मज्जाव करणें बेकायदा ठरविणारा कायदा १९६४ सालीं, म्हणजे अवघ्या दोन वर्षांपूर्वीं झाला होता, त्या देशांतील घरोघरच्या पडद्यावर ही बाई गोऱ्या सहकाऱ्यांच्या पंक्तीला, हुद्द्याची फीत बाहीवर मिरवीत बसलेली दिसूं लागली. पहिल्या वर्षानंतर मालिका सोडण्याचा विचार त्यांच्या मनांत होता, तेव्हां डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनीं आपणांस ती सोडूं नका म्हणून आग्रह केला, असें त्या पुढें अनेकदां सांगत. डॉ. किंग ह्यांस त्या तांबड्या वेषाचें मोल कळलें होतें. तो वेष सांगत होता कीं अशी एक वेळ येणार आहे, जेव्हां हिच्याकडे पाहून कोणासही आश्चर्य वाटणार नाहीं.

परंतु ह्याच वेषांत दुसरीही एक गोष्ट दिसते. मालिकेच्या पहिल्या नमुना-भागांत यानावरील स्त्रिया विजार घालीत. मालिका सुरू झाली तेव्हां विजार जाऊन तिच्या जागीं मांडीपर्यंतचा आंखूड झगा आला. वर्ण व हुद्दा ह्यांच्या बाबतींत तीनशें वर्षें पुढें गेलेला समाज स्त्रीच्या बाबतींत १९६६ सालच्या दुकानाबाहेर पडूं शकला नाहीं. भविष्यकाळाचा वेष म्हणजे बहुतेक वेळां आजच्याच समाजाचा नकाशा रुपेरी कापडावर पुन्हां छापलेला असतो. एखाद्या ठिकाणीं त्या नकाशांतील एखादी रेघ पुसली जाते, आणि तेवढ्यापुरतें तें खरें भविष्य.

आतां ह्या परदेशी हकीकतीचा धागा आपल्याकडे कसा येतो तें पाहूं. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटांतील वेषभूषा जॉन मोलो ह्यांची. हे गृहस्थ मूळचे सैनिकी गणवेषांच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यामुळें त्यांनीं कल्पित साम्राज्याच्या अधिकाऱ्यांस जे कपडे दिले ते पाहतांच प्रेक्षकांस जर्मन फौजेची आठवण व्हावी, असे होते. त्या कामाबद्दल त्यांस ऑस्कर मिळालें. पुढें 'गांधी' ह्या १९८२ सालच्या चित्रपटासाठीं त्यांस दुसरें ऑस्कर मिळालें, आणि तें ज्यांच्याबरोबर वांटून मिळालें त्या बाई आपल्या कोल्हापूरच्या. भानु अथैया, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९, निधन २०२०. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

दोघांच्या हातोटींत फरक होता, आणि तो ह्या विषयाच्या मुळाशीं जातो. मोलो ह्यांचा हातखंडा शिवलेल्या गणवेषांत. अथैयाबाईंच्या वांट्यास हिंदी माणसांचे पोशाख आले, म्हणजे मुख्यतः न शिवलेलें कापड: धोतर, पंचा, साडी. शिवलेल्या कपड्यास माप असतें. न शिवलेल्यास नेसण असते. एकच नऊवार लुगडें देशस्थ घरांत एका तऱ्हेनें, कोळणीच्या अंगावर दुसऱ्या तऱ्हेनें, शेतांत राबणाऱ्या बाईच्या अंगावर तिसऱ्या तऱ्हेनें दिसतें. कापड तेंच, कासोटा कोठवर ओढला, पदर कसा घेतला, काठ पोटरीवर थांबला कीं घोट्यावर आला, एवढ्यावरून जात, धंदा व गांव कळतें. गांधींनीं २२ सप्टेंबर १९२१ रोजीं मदुरा येथें पंचा पत्करला तेव्हां त्यांनींही ह्याच लिपींत एक वाक्य लिहिलें. वरच्या माणसानें खालच्याचा वेष घेतला, आणि जगानें त्यास महात्मेपण म्हटलें. खालच्या माणसानें वरच्याचा वेष घेतला तर जग काय म्हणतें, हें पाहण्यासाठीं आपणांस कोंकणांत उतरलें पाहिजे.

महाबळेश्वराहून आंबेनळीचा घाट उतरला कीं पोलादपूर लागतें. ह्याच तालुक्यांत उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. तेथें तानाजींची व शेलारमामांची समाधि आहे. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं सिंहगडावर पडले. चित्रपटांत मात्र ते पुनःपुन्हां नवीन कपडे घालून उठतात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं १९२३ सालीं 'सिंहगड' काढला. १९३३ सालीं प्रभात कंपनीसाठीं शांताराम ह्यांनीं त्याच नांवाचा बोलपट काढला. आणि १० जानेवारी २०२० रोजीं ओम राऊत ह्यांचा 'तान्हाजी' हा हिंदी चित्रपट आला, त्यांतील वेषभूषेबद्दल नचिकेत बर्वे व महेश शेरला ह्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रत्येक पिढीनें आपल्या मनांतील शौर्याच्या मापानें तानाजींचा अंगरखा बेतला आहे. ह्यांत आम्ही दोष पाहत नाहीं. गतकाळाचेंही भविष्यकाळासारखेंच आहे, त्यास वर्तमानाच्याच सुईनें शिवावें लागतें. उमरठच्या डोंगराळ मुलखांत हिंडतांना आमच्या मनांत आलें तें एवढेंच, कीं ह्या पोलादपूर-महाडच्या खोऱ्यांत एक असाही वेष होता, जो शिवण्यास कोणी कलावंत पुढें आला नाहीं. तो लोकांच्या अंगावर रूढीनें चढविलेला होता, आणि तो उतरविण्याचें धैर्य दाखविण्यास शौर्यच लागलें.

हा मुलूख पूर्वींपासून शिपाईगिरीचा. महाड तालुक्यांतील एका गांवाचें नांवच 'फौजी आंबवडे' असें रूढ आहे. मुंबई सरकारच्या जुन्या पलटणींत मराठ्यांप्रमाणें महारांचाही मोठा भरणा असे. महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पलटणींतून १८८६ सालीं निवृत्त होऊन आलेले. शेजारच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें सुभेदार रामजी सकपाळ ह्यांचें, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या वडिलांचें मूळ गांव. ह्या माणसांच्या आयुष्यांत गणवेषास काय अर्थ असेल ह्याची कल्पना करावी. पलटणीचा डगला अंगावर असेपर्यंत हा मनुष्य हवालदार, सुभेदार. त्याच्या हुद्द्यास सलाम होई. पेन्शन घेऊन गांवीं आल्यावर डगला खुंटीला लागला कीं तोच मनुष्य पुन्हां गांवकुसाबाहेरचा. त्याची सांवलीही नको. 'मेट्रोपोलिस' मधील अदलाबदल ह्या लोकांनीं उलट्या दिशेनें प्रत्यक्ष भोगलेली होती. एकच शरीर दोन कापडांत दोन माणसें होतें, हें त्यांस कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

पुढें १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची भरती बंद केली, तेव्हां तो डगलाही गेला. ही बंदी उठावी म्हणून वलंगकरांनीं १८९४ सालीं अर्ज तयार केला. १८९५ सालीं सरकारनें त्यांस महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलें, तेव्हां त्यांच्याबरोबर बसण्याचा प्रसंग इतर सभासदांस रुचला नाहीं. १९०० सालीं ते वारले. पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं '१११ महार' ही पलटण उभारली गेली, व १९२१ सालीं मोडली. आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ च्या ऑक्टोबरांत, बेळगांव येथें. मधल्या काळांत ह्या लोकांनीं गणवेषाचा प्रश्न दुसऱ्याच ठिकाणीं, तळ्याच्या कांठीं सोडविला.

त्या तळ्याची हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. येथें थोडक्यांत सांगतों. सी. के. बोले ह्यांच्या ठरावानें मुंबईच्या कायदेमंडळानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेंही आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव १९२४ सालीं केला. पण ठराव कागदावर आणि तळें जागच्या जागीं. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० तारखेस डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारों लोक मिरवणुकीनें जाऊन त्या तळ्याचें पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली. तळ्याची 'शुद्धि' झाली. ४ ऑगस्ट रोजीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हां परिषद बोलावली, तेव्हां स्पृश्यांपैकीं कांहींनीं कोर्टांतून मनाई आणली. परिषदेस जागा मिळेना, ती फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थांनीं दिली. २५ डिसेंबर रोजीं मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्यावर जाण्याचें मात्र कोर्टाच्या निकालापर्यंत तहकूब ठेवावें लागलें, आणि तो निकाल हायकोर्टाकडून मिळण्यास १७ मार्च १९३७ उजाडलें.

पाणी आणि ग्रंथ ह्या दोन गोष्टी इतिहासानें ध्यानांत ठेवल्या. तिसरी गोष्ट परिषदेच्या अखेरीस घडली, तिच्याकडे मात्र इतिहासाचें लक्ष कमी गेलें. कदाचित् ती बायकांच्या लुगड्याची म्हणून. जमलेल्या स्त्रियांस उद्देशून डॉ. आंबेडकर स्वतंत्र बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता. ज्या खुणांवरून लोक तुम्हांस लांबून ओळखतात त्या खुणा टाकून द्या. गुडघ्याशीं राहणारें लुगडें, गळ्यांत ओझें होईल इतक्या माळा आणि हातांत कोंपरापर्यंत चढविलेलें कथिलाचें वा रुप्याचें दागिन्यांचें ओझें, ह्या त्या खुणा. लुगडें फाटकें असलें तरी चालेल, पण तें स्वच्छ असावें, आणि त्याची नेसण इतर प्रतिष्ठित स्त्रियांसारखी असावी. मुलींस शिकवा, हेंही त्यांनीं सांगितलें. हें ऐकून स्त्रियांनीं घरीं जाऊन विचार करूं असें म्हटलें नाहीं. त्याच मुक्कामांत त्यांनीं लुगड्याचे काठ घोट्यापर्यंत खालीं आणले. परिषदेच्या कार्यांत पुढें असलेल्या टिपणीस व चित्रे ह्या कायस्थ घरांतील स्त्रियांनीं जवळ बसून त्यांस ती नेसण शिकविली. दुसऱ्याच नेसणीनें त्या आपापल्या गांवांस परतल्या.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. नवें कापड आलें नाहीं. शिंपी लागला नाहीं. तेंच लुगडें, तेच नऊ वार. काठ वीतभर खालीं उतरला, एवढेंच. पण ह्या वीतभर अंतरांत किती शतकें होतीं, हें ज्यांनीं तें अंतर राखलें होतें त्यांस चांगलें ठाऊक होतें. त्याचा पुरावाही फार लांब शोधावा लागत नाहीं. महाडची परिषद उठून आठवडा होतो न होतो तोंच, ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया' मध्यें इंदूर संस्थानांतील बलाई जातीच्या लोकांविषयीं एक बातमी आली. तेथील सवर्णांनीं बलायांस नियम घालून दिले होते. जरीकांठी पागोटें बांधूं नये, रंगीत वा नक्षीदार काठांचें धोतर नेसूं नये, बायकांनीं सोन्यारुप्याचे दागिने घालूं नयेत, शोभिवंत घागरे-पोलकीं घालूं नयेत. न मानणाऱ्यांस पाणी बंद, रान बंद, शेतांत जाण्याची वाट बंद. ही बातमी डॉ. आंबेडकरांनीं पुढें १९३६ सालीं आपल्या 'जातिनिर्मूलन' विषयक भाषणांत उद्धृत केली. महाडास कथिलाच्या ओझ्यांतून मुक्तता मागितली जात होती, आणि माळव्यांत सोन्यारुप्याची मनाई होत होती. दागिना घालण्याची सक्ति आणि दागिना घालण्याची बंदी ह्या एकाच गणवेषाच्या दोन बाजू होत. लेखी कानू असो वा नसो, कोणीतरी बसून ठरविलेला तो पोशाखच होता.

ह्यावर एक आक्षेप घेण्यांत येतो व तो विचारार्ह आहे. ही तर नक्कल झाली, असें कांहींजण म्हणतात. जी नेसण ब्राह्मण-कायस्थांच्या घरांतली, तीच दलित स्त्रीनें उचलावी, ह्यांत तिचें स्वतःचें काय? तिच्या आंखूड लुगड्यांत चिखलणी-लावणीच्या श्रमाची सोय होती, तिच्या दागिन्यांत तिची आवड होती. तीं कां टाकावीं? आम्हांस वाटतें कीं ह्या प्रश्नांत थोडें तथ्य आहे. गुडघ्याशीं राहणारें लुगडें चिखलांत सोयीचें असतें, व कोंकणांतील अनेक जातींच्या कष्टकरी बायका तें तसें नेसत. परंतु सोय ती, जी घरीं आल्यावर सोडतां येते. शेतांतही तेंच, बाजारांतही तेंच, लग्नांतही तेंच नेसावें लागलें कीं ती सोय राहत नाहीं, ती खूण होते. महाडच्या स्त्रियांनीं पांढरपेशांची आवड उचलली नाहीं. त्यांनीं ओळखपत्र फाडलें. वेगळा वेष निवडण्याचा अधिकार पुढचा. तो मिळण्यासाठीं आधीं ठरवून दिलेला वेष नाकारतां आला पाहिजे. तो अधिकार त्यांनीं पुढें बजावलाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतराच्या वेळीं जो पांढऱ्या वस्त्रांचा समुदाय लोटला, त्यांतील स्त्रियांची पांढरी साडी कोणाची नक्कल नव्हती.

आणखी एक गोष्ट आम्हां पांढरपेशांनीं स्वतःशीं कबूल केली पाहिजे. घोट्यापर्यंतचें लुगडें ही आपल्या घरांतील स्त्रियांची साधी नेसण, असें आपण समजत होतों. ती साधी नव्हती. दुसरी कोणी तशी नेसत नाहीं, ह्यांत तिची अर्धी किंमत होती. घरीं कामास येणाऱ्या बाईनें चोपून-चापून लुगडें नेसलें, तर 'आज कोठें लग्नाला का?' असा खोंचक प्रश्न विचारणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या लहानपणीं घरोघर होत्या, व त्या दुष्ट नव्हत्या. त्या आपल्या गणवेषाचें रक्षण करीत होत्या, एवढेंच. आणि आपण गणवेष घातला आहे हें त्यांस माहीत नव्हतें. म्हणून ज्या दोन कायस्थ घरांतील स्त्रियांनीं महाडांत शेजारीं बसून निऱ्या घालून दिल्या, त्यांचें कृत्यही लहान मानूं नये. आपली खूण त्यांनीं आपल्या हातानें दुसरीच्या कमरेस खोंवली.

आतां १९२७ हें साल पुन्हां आठवावें. त्या वर्षाच्या आरंभीं बर्लिन येथें, त्या काळीं जगांतील अत्यंत खर्चाच्या गणल्या गेलेल्या चित्रपटांपैकीं एकांत, भावी काळाचे कपडे दाखविण्यांत आले. त्यांत मजूर शेवटपर्यंत मजुराच्याच कपड्यांत राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस महाड येथें, मागून घेतलेल्या जागेवरील मांडवांत, ज्यांच्यापाशीं दुसरें लुगडें असेलच असें नाहीं अशा स्त्रियांनीं भावी काळाचा वेष अंगावर चढविला. ज्या समाजांत तो वेष नेसून चालणाऱ्या बाईकडे वळून पाहण्याचें कोणास कारण पडणार नाहीं, तो समाज तेव्हां अस्तित्वांत नव्हता. तळ्याचें पाणीसुद्धां अजून दहा वर्षें लांब होतें. पण त्या तो आलाच आहे असें समजून नेसल्या, आणि तशाच महाडच्या रस्त्यानें चालत गेल्या. उहुरेचा तांबडा वेष जें काम एकोणचाळीस वर्षांनंतर करणार होता, तें ह्यांनीं दिवे, पडदा व पगार ह्यांवांचून केलें. आणि उहुरेला स्टुडिओबाहेर पडतांना तो वेष उतरवितां येई, ह्यांना गांवीं तोच वेष घेऊन राहावयाचें होतें.

महाडचा हा प्रसंग ज्या कोणास पडद्यावर आणावयाचा असेल, त्यास आमची एक सूचना आहे. गर्दी, झेंडे व तळें ह्यांची व्यवस्था होईलच. पण वेषभूषाकारानें परिषदेच्या पहिल्या दिवशींची नेसण आणि अखेरच्या दिवशींची नेसण ह्यांत वीतभर फरक ठेवावा. प्रेक्षकांच्या तो एकदम ध्यानांत न आला तरी चालेल. आणि मराठींत विज्ञानकथा आतां रुजली आहे. उद्यां तिचीं पात्रें चित्रपटांत चालूंबोलूं लागतील. त्यांच्यासाठीं पंचविसाव्या शतकाचे कपडे बेततांना रुपेरी कापड व चमकते पट्टे शोधण्यापूर्वीं, ह्या समाजांत कोणाचा काठ कोठवर यावा हें कोण ठरवितो, एवढें महाडचें माप घेऊन मग कातर चालवावी.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर कांहीं वेळ बसलों होतों. आसपासच्या गांवांतून आलेल्या चार-पांच जणी पायऱ्या उतरून आल्या, ओंजळीनें पाणी घेऊन डोळ्यांस लावलें व बोलत बोलत निघून गेल्या. त्यांच्यांत एक म्हातारी नऊवारी नेसलेली होती, एक पांढऱ्या पांचवारींत, दोघी तरुण मुली विजारींत. त्या कोणत्या जातीच्या, हें त्यांच्या कपड्यांवरून सांगणें आम्हांस शक्य झालें नाहीं. आम्हीं तसा प्रयत्न करून पाहिला हें आमच्या ध्यानांत आलें, तेव्हां मात्र त्या वीतभर अंतरांतील कांहीं भाग अजून आमच्या डोळ्यांत शिल्लक आहे, असें वाटून आम्ही उठलों.